जोडप्रथिनाचा अडसर: ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाचं एक प्रकरण

वय ३४, स्त्री. आठ दिवस हिरड्यांतून रक्त, पाळीत नेहमीपेक्षा कितीतरी जास्त स्राव, मांड्यांवर मार न लागता उमटलेले निळे डाग. ताप नाही, प्लीहा हाताला लागत नाही, गाठी नाहीत. हिमोग्लोबिन ७.९ ग्रॅम, पांढऱ्या पेशी १,९००, प्लेटलेट १४,०००. (हे प्रकरण एका खऱ्या व्यक्तीचं नाही. ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात, म्हणजे प्रोमायलोसाइट या कच्च्या पांढऱ्या पेशी न पिकता अडकतात त्या रक्ताच्या कर्करोगात, नेमानं दिसणारा क्रम एका रुग्णाच्या रूपात मांडला आहे, आकडेही त्यासाठीच बेतलेले आहेत. औषधांचे डोस आणि निकष मात्र प्रचलित पद्धतीचेच आहेत.)

यंत्र अशा रिपोर्टवर ‘पॅन्सायटोपेनिया’ (सगळ्याच रक्तपेशी कमी) छापून मोकळं होतं. पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, तेव्हा ल्युकेमिया नसावा, असं वाटून विषाणू किंवा बी-१२ची कमतरता शोधण्यात दोन दिवस जातात. या आजारात ते दोन दिवस परवडत नाहीत, कारण बहुतेक लवकरचे मृत्यू मेंदूतल्या रक्तस्रावानं होतात. पेशी इतक्या कमी असल्या की साध्या स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थरात) विकृत पेशी दोन-चारच सापडतात. त्यामुळे रक्त फिरवून बफी कोटचा, म्हणजे वेगळ्या झालेल्या पांढऱ्या पेशींच्या थराचा, स्मिअर काढावा आणि स्लाइडच्या कडा व शेपूट नीट पाहावं. इथे त्या स्मिअरवर पेशींच्या पोटात जांभळट-लाल कणांची एवढी दाटी होती, की केंद्रकाची कडाही धड दिसत नव्हती. तीन पेशींत ऑअर रॉड (कणांपासून बनलेल्या काड्या) होते, तेही सुटे नव्हे, काटक्यांची मोळी बांधावी तसे. अशी मोळी दिसली की निदान जवळजवळ झालंच. फसवतो तो कमी कणांचा प्रकार. त्यात कण दिसेनासे होतात, केंद्रक मधे चिमटलेलं दिसतं, पांढऱ्या पेशी बहुधा वाढलेल्या असतात आणि पाहणारा ‘मोनोसायटिक’ लिहून मोकळा होतो. तिथे पेशींवरच्या प्रथिनांच्या खुणा मोजणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीचा आधार मिळतो: सीडी३३ ठळक, मायलोपेरॉक्सिडेज जोरकस, एचएलए-डीआर बहुधा गैरहजर.

प्रोथ्रॉम्बिन टाइम १९ सेकंद, कंट्रोल १३. फायब्रिनोजेन ९० मिलिग्रॅम. डी-डायमर मोजपट्टीच्या वर. म्हणजे रक्त गोठण्याचं तंत्र बिघडलेलं.

जनुकीय रिपोर्टच्या आधी

संशय आला त्याच तासात ट्रेटिनॉइन, म्हणजे ऑल-ट्रान्स रेटिनॉइक ॲसिड, रोजच्या भाषेत ॲट्रा, सुरू केलं. त्याआधी फक्त गर्भधारणेची चाचणी केली, कारण हे औषध गर्भात व्यंग निर्माण करतं. डोस दर चौरस मीटरला दिवसाला ४५ मिलिग्रॅम. शरीरपृष्ठ १.५८ चौरस मीटर, म्हणजे ७१ मिलिग्रॅम. कॅप्सूल १० मिलिग्रॅमची असते, म्हणून सकाळी चार आणि रात्री तीन, जेवणाबरोबर. निदान पुढे चुकीचं ठरलं तर दोन दिवस ॲट्रा घेतल्यानं फारसं बिघडत नाही. निदान बरोबर असून थांबलो, तर बिघडतं.

प्लेटलेट ३०,००० ते ५०,००० च्या वर आणि फायब्रिनोजेन १०० ते १५० च्या वर राहील अशा बेतानं प्लेटलेट आणि क्रायोप्रेसिपिटेट (फायब्रिनोजेन असलेला रक्तघटक) दिलं. तपासणी दिवसातून दोनदा. लंबर पंक्चर नाही, गरज नसताना सेंट्रल लाइन नाही. पांढऱ्या पेशी पुढे वाढल्या तरी ल्युकाफेरेसिस (यंत्रानं पांढऱ्या पेशी गाळून काढणं) नाही, कारण त्यानं रक्तस्राव चिघळतो.

रक्तस्राव नुसता प्लेटलेट कमी असल्याचा नसतो. या पेशी टिश्यू फॅक्टर बाहेर टाकून रक्त गोठवण्याची साखळी पेटवतात. त्याच पेशींच्या पृष्ठभागावर ॲनेक्सिन ए२ खच्चून भरलेलं असतं. ते प्लाझ्मिनोजेन आणि त्याला जागं करणारं प्रथिन शेजारी-शेजारी धरून ठेवतं, त्यातून प्लाझ्मिन बनतं आणि बनलेली गुठळी विरघळत जाते. ॲट्रा मिळालं की ही दोन्ही प्रथिनं बनणंच कमी होतं. म्हणून बाहेरून रक्तघटक कितीही ओतले तरी खरा आवर बसतो तो औषधानं, आणि तोही काही दिवसांनी. या मधल्या दिवसांतच माणूस दगावतो.

केंद्रकातले ठिपके

रिपोर्टची वाट पाहताना एक जुनी चाचणी फार कामी येते. स्मिअरवर पीएमएल प्रथिनाविरुद्धचं प्रतिपिंड टाकायचं आणि फ्लुओरोसन्स सूक्ष्मदर्शकातून केंद्रक पाहायचं. निरोगी पेशीत ठळक, गोल, मोजता येतील एवढेच ठिपके दिसतात. ते पीएमएल बॉडीज. या आजारात ठिपके फुटून त्यांची शेकडो बारीक कणांची धूळ झालेली असते, जणू केंद्रकात कुणी रवा उधळलाय. उत्तर काही तासांत मिळतं. इथे तसंच दिसलं. दुसऱ्या दिवशी फिशनं (गुणसूत्रांवर चमकत्या खुणा लावून पाहण्याच्या चाचणीनं) १५ आणि १७ या गुणसूत्रांतली अदलाबदल पक्की केली आणि आरएनए तपासणाऱ्या आरटी-पीसीआरनं तुटीची जागा सांगितली: लांब प्रकार, बीसीआर१.

ही अदलाबदल या आजारात नेमानं होते, हे शिकागोत जॅनेट रौली यांनी १९७७ मध्ये दाखवलं. तिच्या सांध्यावर कोणती जनुकं आहेत हे कळायला आणखी तेरा-चौदा वर्षं लागली. १५ व्या गुणसूत्रावरचं पीएमएल आणि १७ व्यावरचं आरएआरए अशी दोन जनुकं एकमेकांना चिकटतात आणि पेशी एक जोडप्रथिन बनवू लागते: पीएमएल-आरएआरए.

आरएआरए म्हणजे रेटिनॉइक ॲसिडचा रिसेप्टर. हा पेशीच्या कातडीवर बसून निरोप आत पाठवणारा रिसेप्टर नव्हे. संकेत घेणारा आणि जनुक चालू-बंद करणारा, दोन्ही तोच. म्हणून तो रिसेप्टर असूनही ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर आहे. आरएक्सआर या जोडीदाराबरोबर तो डीएनएवर ए-जी-जी-टी-सी-ए अशी सहा अक्षरं दोनदा, मधे दोन किंवा पाच अक्षरांचं अंतर ठेवून आलेली असतील तिथे बसतो. रेटिनॉइक ॲसिड नसताना तो एन-कोआर आणि एसएमआरटी हे दडपणारे सहकारी धरून ठेवतो. त्यांच्यासोबत एचडीएसी३ हे एन्झाइम येतं, हिस्टोनवरचे ॲसिटिल गट काढतं, आणि तिथला डीएनए मिटून बसतो. रेटिनॉइक ॲसिड खोबणीत शिरलं की रिसेप्टरचं बारावं हेलिक्स झाकणासारखं फिरतं. दडपणारे सुटतात, पी३०० सारखे उघडणारे येऊन बसतात, जनुक वाचलं जाऊ लागतं. प्रोमायलोसाइटनं पुढे मायलोसाइट आणि शेवटी न्यूट्रोफिल व्हायचं असेल, तर अशा बऱ्याच जनुकांची कुलुपं वेळेवर उघडावी लागतात.

जोडप्रथिनात रेटिनॉइक ॲसिडची खोबण शाबूत असते, डीएनए पकडणारा पंजाही शाबूत असतो. बिघाड जोडीचा आहे. पीएमएलच्या बाजूला एकमेकांत गुंफणारा भाग असल्यानं दोन जोडप्रथिनं एकत्र येतात आणि एका जागी एकाऐवजी दोन रिसेप्टर, म्हणजे दडपणाऱ्यांचे दोन संच जमतात. पेशीत एरवी असणारं रेटिनॉइक ॲसिड, साधारण १ ते १० नॅनोमोलर, त्यांना हलवायला पुरत नाही. १ मायक्रोमोलर लागतं, आणि वर सांगितलेल्या डोसनं रक्तात पोचणारी कमाल पातळी साधारण तेवढीच असते. शिवाय गुंफलेल्या जोडीला मधल्या अंतराची फारशी पर्वा राहत नाही. नेहमीचा आरएआरए जिथे कधी गेला नसता अशा जागांवरही ती बसते. पीयू.१ हा न्यूट्रोफिल घडवणारा दुसरा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर जिथे काम करतो, त्यातल्या कितीतरी जागा अशा रीतीनं दाबल्या जातात. आणि पीएमएल बॉडीज फुटल्यामुळे पी५३ या पेशीची वाढ रोखणाऱ्या प्रथिनाला मिळणारा एक आधारही जातो.

थोडक्यात, पेशी अडकते. पण अडकलेली पेशी म्हणजे ल्युकेमिया नव्हे, अजून नाही.

दुसरा घाव

पीएमएल-आरएआरए जनुक घातलेल्या उंदरांना ल्युकेमिया होतो खरा, पण कित्येक महिन्यांनी, आणि सगळ्यांना नाही. अडकलेल्या पेशीला वाढत राहण्याचा हुकूम कुठून तरी मिळावा लागतो. या रुग्णात तो सापडला. एफएलटी३ जनुकाच्या पीसीआरमध्ये अपेक्षित लांबीच्या पट्टीशेजारी तिच्याहून ४५ बेस लांब अशी दुसरी पट्टी होती. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं आणि ४५ ला ३ नं भाग जातो, म्हणून वाचनाची चौकट मोडत नाही. प्रथिनात १५ अमिनो ॲसिडं जास्तीची येतात, एवढंच. हे आयटीडी प्रकारचं, म्हणजे जनुकाचा एक तुकडा तिथेच दुबार येण्याचं, उत्परिवर्तन, या आजारात सुमारे एक तृतीयांश रुग्णांत आढळणारं.

एफएलटी३ हा मात्र कातडीवरचा रिसेप्टर. त्याच्या पडद्यालगतचा भाग एरवी किनेजच्या तोंडावर अडसरासारखा बसतो आणि बाहेरून लिगॅंड (त्याला जागं करणारा रेणू) आला तरच बाजूला होतो. नेमक्या त्याच भागात १५ अमिनो ॲसिडं घुसली की अडसर नीट बसत नाही. रिसेप्टर आपणच आपल्याला फॉस्फेट लावतो आणि स्टॅट५, रास-मॅप किनेज आणि पीआय३ किनेज-एकेटी या तिन्ही वाटांनी ‘वाढ, मरू नकोस’ असा निरोप चालूच राहतो. उंदरांत हे दोन्ही दोष एकत्र घातले की ल्युकेमिया झपाट्यानं होतो. एकटं एफएलटी३-आयटीडी मात्र हा आजार देत नाही. एकानं पेशीची वाट अडवायची आणि दुसऱ्यानं तिला हाकत राहायचं, असं हे काम वाटून घेतलेलं आहे. पण दोघांचं वजन सारखं नाही, ते पुढे दिसेल.

आर्सेनिक आणि नववा दिवस

पांढऱ्या पेशी १०,००० पर्यंत असल्या तर धोका कमी मानतात आणि केमोथेरपीशिवाय ॲट्रा व आर्सेनिक ट्रायऑक्साइड देतात. इथे तेच. आर्सेनिक किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम. वजन ५८ किलो, म्हणून रोज ८.७ मिलिग्रॅम, शिरेतून दोन तासांत. सोबत पहिल्या दिवसापासून प्रेडनिसोलोन ३० मिलिग्रॅम. पोटॅशियम ४ च्या आणि मॅग्नेशियम १.८ च्या वर ठेवायचं, कारण आर्सेनिकनं ईसीजीतलं क्यूटी अंतर लांबतं. मळमळीसाठी ऑन्डान्सेट्रॉन, तापासाठी लेव्होफ्लॉक्सॅसिन, बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल ही वॉर्डात सवयीनं लिहिली जाणारी औषधंही क्यूटी वाढवतात. फ्लुकोनॅझोल तर ॲट्राचं विघटनही रोखतं, आणि मग डोकेदुखी, धूसर दिसणं, कवटीतला दाब वाढणं असा प्रकार सुरू होतो.

सातव्या दिवशी पांढऱ्या पेशी १२,६०० झाल्या, नवव्या दिवशी २१,८००. हा आकडा पाहून औषध लागू पडत नाही असा निष्कर्ष काढणं, किंवा रुग्णाला जास्त धोक्याच्या गटात टाकणं, दोन्ही चूक. कुलुपं उघडल्यावर पेशी पिकताना काही वेळा विभागतात आणि अस्थिमज्जेतून रक्तात उतरतात. पांढऱ्या पेशी खाली आणणारं हायड्रॉक्सियुरिया ५०० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा सुरू केलं, ॲट्रा आणि आर्सेनिक चालूच ठेवलं.

त्याच रात्री ताप ३८.६, श्वास मिनिटाला २८, ऑक्सिजन ८९ टक्के, छातीच्या एक्स-रेवर दोन्हीकडे सावल्या. वजन तीन दिवसांत ३.८ किलोनं वाढलेलं. न्यूमोनिया की डिफरन्सिएशन सिंड्रोम, म्हणजे पेशी पिकण्यातून होणारा त्रास? त्या घडीला ठामपणे सांगता येत नाही, आणि सांगता येण्याची वाट पाहायचीही नसते. प्रतिजैविकं आणि डेक्सामेथासोन १० मिलिग्रॅम बारा तासांनी, दोन्ही तिथल्या तिथे सुरू केली, प्रेडनिसोलोन बंद. पुस्तकी निकषात वजनवाढ ५ किलोच्या वर मोजतात. पण रोज सकाळी त्याच काट्यावर वजन घेतलं असेल तर ३.८ ही पुरेशी धोक्याची खूण आहे. पिकणाऱ्या पेशींवर चिकटणारी प्रथिनं येतात, त्या सायटोकाइन सोडतात, फुप्फुसातल्या बारीक वाहिन्यांत रुतून बसतात आणि वाहिन्या पाझरू लागतात. म्हणजे हा त्रास औषध लागू पडण्याचाच एक भाग आहे. मूत्रपिंड बंद पडू लागलं किंवा व्हेंटिलेटरची वेळ आली तर ॲट्रा आणि आर्सेनिक तात्पुरतं थांबवतात. इथे गरज पडली नाही, ४८ तासांत ऑक्सिजन सुटला.

मधे एक घोळ झाला. त्या रात्रीच्या ईसीजीवर यंत्रानं क्यूटीसी (नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेलं क्यूटी) ५०९ छापलं आणि ५०० च्या वर गेलं म्हणून आर्सेनिक रोखायचा आदेश निघाला. हिशेब हातानं केला: मोजलेलं क्यूटी ३६० मिलिसेकंद, नाडी १२०, म्हणजे दोन ठोक्यांत अर्धा सेकंद. यंत्राचं सूत्र बॅझेटचं. ते अर्ध्याचं वर्गमूळ, ०.७०७, यानं भागतं आणि ५०९ देतं. फ्रिडेरिशियाचं सूत्र घनमूळ, ०.७९४, घेतं आणि उत्तर येतं ४५४. नाडी वेगात असली की बॅझेट आकडा फुगवतं. ताप आलेल्या रुग्णात त्यावर विसंबून आर्सेनिक थांबवलं, तर या उपचारातलं सर्वांत मोलाचं औषध विनाकारण हुकतं. आदेश मागे घेतला, पोटॅशियम ३.४ होतं ते भरून काढलं, ऑन्डान्सेट्रॉन बंद केलं.

सतराव्या दिवसाची मज्जा

मज्जा पाहण्याची घाई करू नये. इथे सतराव्या दिवशी ती पाहिली गेली, आणि रिपोर्ट आला: प्रोमायलोसाइट ३८ टक्के, पीसीआर पॉझिटिव्ह. दुसऱ्या कुठल्या ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियात याचा अर्थ ‘इंडक्शन फसलं’, म्हणजे पहिल्या टप्प्याचा उपचार निष्फळ. इथे पेशी मारलेल्याच नाहीत, त्या पिकायला लावल्या आहेत, आणि पिकायला वेळ लागतो. त्याच दिवशीच्या रक्ताच्या स्मिअरवर पाकळ्यांच्या केंद्रकाचा, दिसायला पूर्ण वाढलेला न्यूट्रोफिल होता आणि त्याच्या पोटात ऑअर रॉड. फिश केलं तर त्या न्यूट्रोफिलमध्येही १५-१७ची अदलाबदल सापडते. ल्युकेमियाची पेशी मेली नाही, मोठी झाली, याचा याहून थेट पुरावा नाही. असा न्यूट्रोफिल पुढे थोड्याच दिवसांत आपल्या नैसर्गिक मरणानं मरतो.

पस्तिसाव्या दिवशी रक्ताचे आकडे सावरले, मज्जेत विकृत पेशी दिसत नव्हत्या. पीसीआर अजून पॉझिटिव्ह. याही टप्प्यावर त्याला अर्थ नाही.

पिकणं आणि बरं होणं

१९८८ मध्ये शांघायच्या गटानं २४ रुग्णांना ॲट्रा देऊन जवळजवळ सगळ्यांचा आजार मावळल्याचं प्रसिद्ध केलं. पण नुसत्या ॲट्रावर ठेवलेल्या रुग्णांत आजार काही महिन्यांत परतायचा. कारणाचा एक भाग मजेदार आहे. आरएआरए ज्या जनुकांना चालू करतो त्यांत सीवायपी२६ए१ हे जनुक आहे, आणि त्यातून बनणारं एन्झाइम रेटिनॉइक ॲसिडच मोडून टाकतं. म्हणजे औषध आपल्या यशातूनच स्वतःची पातळी पाडतं. पुढच्या टप्प्यात ॲट्रा सलग न देता दोन आठवडे चालू, दोन आठवडे बंद असं देतात, ते यामुळे.

आर्सेनिक मात्र पेशी पिकवण्यात ॲट्राच्या तुलनेत कच्चं. तरीही हार्बिनमध्ये १९७० च्या दशकापासून वापरात असलेलं हे औषध एकट्यानंही बऱ्याच रुग्णांना कायमचं बरं करतं. ते आरएआरएच्या खोबणीकडे जातच नाही. पीएमएलच्या बाजूला २१२ आणि २१३ क्रमांकाच्या सिस्टीनजवळ बांधलं जातं. मग त्या प्रथिनावर सुमो नावाचं छोटं प्रथिन जोडलं जातं, आरएनएफ४ ते ओळखून युबिक्विटिन लावतं आणि प्रोटिआझोम अख्खं जोडप्रथिन चिरडून टाकतं. ॲट्राही जास्त मात्रेत दुसऱ्या टोकाकडून हेच करतं. आमच्या मते या आजाराचा गाभा इथे आहे: दडपलेली जनुकं उघडली की पेशी पिकते, पण मुळाशी असलेल्या, रोग पुन्हा उभा करणाऱ्या पेशी संपतात त्या जोडप्रथिन नष्ट झाल्यावरच. तेव्हाच पीएमएल बॉडीज पुन्हा जमतात, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसतं की पी५३ तिथूनच या पेशींचं नूतनीकरण थांबवतो.

उलट पुरावाही आहे. पीएमएलऐवजी पीएलझेडएफ हे प्रथिन आरएआरएला जोडलं गेलं, म्हणजे ११ आणि १७ ची अदलाबदल, तर स्लाइडवर पेशी बऱ्याच सारख्या दिसतात. पण पीएलझेडएफ दडपणाऱ्यांना स्वतःच्या हातानंही धरतो, त्यामुळे ॲट्रानं त्याची पकड सुटत नाही. आणि पीएमएल नसल्यानं आर्सेनिकला पकडायला जागा नाही. म्हणून पीएमएल-आरएआरएचं फिश निगेटिव्ह आलं आणि स्लाइड मात्र ओरडून सांगत असेल, तर आरएआरएचं ब्रेक-अपार्ट फिश (जोडीदार कुणीही असो, आरएआरए तुटलंय का ते दाखवणारं) मागवावं. आर्सेनिकला दाद न देणाऱ्या काही रुग्णांत पीएमएलच्या त्याच सिस्टीनांशेजारी २१६ व्या जागी ॲलानिनऐवजी व्हॅलिन सापडतं. एका अमिनो ॲसिडच्या फरकानं आर्सेनिकचा मारा निष्प्रभ होतो.

आता एफएलटी३. केमोथेरपीच्या काळात आयटीडी असलेल्या रुग्णांची चिंता वाटायची, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी जास्त असतात. ॲट्रा-आर्सेनिकवर कमी धोक्याच्या रुग्णांत या उत्परिवर्तनानं निकालात फारसा फरक पडत नाही. एफएलटी३ रोखणारी गोळी इथे सुचवली गेली होती, दिली नाही. हाकणारा निरोप तसाच चालू होता, पण ज्या पेशीला तो मिळत होता तीच उरणार नव्हती.

कन्सॉलिडेशनमध्ये, म्हणजे मावळलेला आजार परतू नये म्हणून देण्याच्या पुढच्या टप्प्यात, आर्सेनिक आठवड्याला पाच दिवस, चार आठवडे चालू आणि चार बंद, अशी चार आवर्तनं. ॲट्राची सात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटली-जर्मनीच्या चाचणीत याच आखणीनं दोन वर्षांनी आजार न परतता जिवंत असलेले रुग्ण ९७ टक्के होते, ॲट्रा आणि केमोथेरपीच्या गटात ८६. दुसऱ्या आवर्तनात यकृताची एन्झाइमं पाचपटीवर गेली, औषधं आठवडाभर थांबवून कमी मात्रेत पुन्हा सुरू केली. हा त्रास या जोडीत सर्रास दिसतो. गर्भनिरोधन पूर्ण काळ.

कन्सॉलिडेशन संपल्यावरची पीसीआर ही पहिली खरी अर्थपूर्ण पीसीआर. पहिला नमुना ‘निगेटिव्ह’ म्हणून आला, पण त्यात नियंत्रण जनुकाच्या (नमुना पुरेसा आहे का हे ठरवायला मोजतात त्या) प्रती जेमतेम २,००० होत्या. एवढ्या कमी आरएनएत दहा हजारांत एखादी पेशी असली तरी सापडणार नाही. मज्जेचा नमुना पुन्हा घेतला, वाहतुकीत वेळ न दवडता आरएनए काढला, नियंत्रण प्रती ४०,००० च्या वर आल्या. पीएमएल-आरएआरए सापडलं नाही. ४५ बेसची ती लांब पट्टीही गेली होती.